धांवत्या जगाचा जमाखर्च

'मॅरेथॉन' हा शब्द आतां आपल्या घरोघरच्या बोलण्यांत रुळला आहे. लांबलेल्या सभेस मॅरेथॉन सभा म्हणतात, शाळेंतील तीन किलोमीटरांच्या धांवेसही मॅरेथॉन म्हणतात, आणि जानेवारींत मुंबईस निघणाऱ्या सहा किलोमीटरांच्या हौशी फेरींत भाग घेऊन आलेला पुतण्याही 'मी मॅरेथॉन धांवलों' असें घरीं अभिमानानें सांगतो. शब्दाचा असा सैल उपयोग झाला म्हणून कांहीं आभाळ कोसळत नाहीं; परंतु ज्यास ह्या शर्यतीचे आंकडे वाचावयाचे आहेत, त्यानें आधीं माप नक्की करून घेतलें पाहिजे. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. जुन्या मापानें २६ मैल ३८५ यार्ड. घोडेगांवकडील वाचकांस तें असें सांगतां येईल: सकाळीं घोडेगांवाहून निघून मंचरास जावें, तेथून परत घरीं यावें, आणि पाणी पिऊन पुन्हा मंचर गाठावें, म्हणजे हें अंतर जवळजवळ पुरें होतें. एस. टी.च्या गाडीनेंही ह्या तीन खेपा करण्याचा कोणास उत्साह होणार नाहीं. आणि जगांतील लक्षावधि स्त्रीपुरुष दर वर्षीं तेवढें अंतर पायांनीं तोडतात, तेंही पदरची फी भरून! ह्या उद्योगाचा हिशेब काय सांगतो, आणि आपल्या घरांशीं त्याचा काय संबंध पोहोंचतो, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

शर्यतीचा जन्म

ख्रिस्तपूर्व ४९० सालीं मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सच्या लोकांनीं इराणी फौजेचा पराभव केला. ती वार्ता घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धांवत गेला, विजयाचा शब्द उच्चारला आणि गतप्राण झाला, ही कथा पुष्कळांनीं शाळेंत वाचली असेल. परंतु त्याच शतकांत लिहिणाऱ्या हिरोडोटसच्या इतिहासांत ही कथा नाहीं. त्यानें वर्णिलेला दूत साहाय्य मागण्याकरितां अथेन्सहून स्पार्टास गेला होता. दूताच्या मरणाची कथा त्यानंतर कित्येक शतकांनीं लिहिलेल्या ग्रंथांत आढळते. आपल्या इकडेही पेशवाईच्या पत्रव्यवहारांत जासूदजोडीचा उल्लेख वारंवार येतो. लांब पल्ला धांवणें हें त्या काळीं पोटाचें काम होतें; त्यास कोणी पदक देत नसे.

खेळ म्हणून ही शर्यत जन्मास आली ती १८९६ सालीं, अथेन्स येथील पहिल्या अर्वाचीन ऑलिंपिक सामन्यांत. मिशेल ब्रेआल ह्या फ्रेंच भाषापंडितानें ती सुचविली. अंतर सुमारें ४० किलोमीटर होतें, आणि स्पिरिडॉन लुइस ह्या ग्रीक पाणक्यानें तें २ तास ५८ मिनिटें ५० सेकंदांत तोडलें. १९०८ सालच्या लंडन येथील सामन्यांत अंतर ४२.१९५ किलोमीटर धरलें गेलें, आणि १९२१ सालीं तेंच प्रमाण म्हणून ठरलें. त्या लंडनच्या शर्यतींत अमेरिकेच्या जॉनी हेझ ह्यास २ तास ५५ मिनिटें १८ सेकंद लागले. वाचकांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

बेळगांवचे चौगुले

ह्या शर्यतीशीं महाराष्ट्राचा संबंध आजकालचा नाहीं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचें अध्यक्षपद सर दोराबजी टाटा ह्यांच्याकडे होतें. जिमखान्याच्या सामन्यांत त्यांनीं खेड्यापाड्यांतून आलेले तरुण अनवाणी पायांनीं, कोणत्याही शास्त्रशुद्ध शिक्षणावांचून, लांब पल्ल्याच्या शर्यती धांवतांना पाहिले. त्यांना लागलेला वेळ युरोपांतील धांवपटूंच्या वेळाशीं ताडून पाहतां दोराबजींस आश्चर्य वाटलें, आणि हिंदुस्थानानें ऑलिंपिक सामन्यांस आपलीं माणसें पाठवावींत ही कल्पना तेथें दृढ झाली. तिचें फळ म्हणजे १९२० सालीं बेल्जममधील अँटवर्प येथें गेलेला चार धांवपटू व दोन कुस्तीगीर ह्यांचा लहानसा संघ.

त्यांत बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरांची होती; ऑलिंपिकच्या इतिहासांत तिच्याहून लांब मॅरेथॉन झालेली नाहीं. फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटें ३५ सेकंदांत पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. एकोणिसावा क्रमांक ऐकून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील. परंतु ज्या देशानें ऑलिंपिकला पहिल्यानेंच संघ पाठविला होता, त्या देशाचा एक मल्ल जगांतील वेंचक धांवपटूंमध्यें पहिल्या विसांत बसला, हें लहान यश नव्हे. शिवाय लंडनची शर्यत बारा वर्षांपूर्वीं ज्या वेळांत जिंकली गेली होती, त्याहून साडेचार मिनिटें कमी वेळांत, आणि अर्ध्या किलोमीटराहून अधिक जास्त अंतर, चौगुले धांवले.

दोन आंकडे, दोन दिशा

आतां आजच्या जगाकडे वळूं. येथें आंकड्यांच्या दोन रांगा दिसतात, आणि त्या परस्परविरुद्ध दिशांस जातात.

पहिली रांग अग्रणींची. हेझचे २ तास ५५ मिनिटें १८ सेकंद आम्हीं वर दिलेच आहेत. २०२३ सालच्या ऑक्टोबरांत शिकागो येथें केनियाच्या केल्विन किपटमनें हेंच अंतर २ तास ३५ सेकंदांत तोडलें. म्हणजे दर किलोमीटरास तीन मिनिटांहूनही कमी, आणि तें बेचाळीस वेळां लागोपाठ! हा चोवीस वर्षांचा तरुण पुढच्याच फेब्रुवारींत मोटारीच्या अपघातांत दगावला. स्त्रियांचा इतिहास तर अधिकच बोलका आहे. १९२८ सालीं अ‍ॅम्स्टरडॅम येथें स्त्रिया ८०० मीटर धांवल्या. तेवढेंही अंतर त्यांस झेंपत नाहीं असें ठरवून ती शर्यत १९६० पर्यंत ऑलिंपिकमधून काढून टाकण्यांत आली. १९६७ सालीं बोस्टनच्या मॅरेथॉनमध्यें कॅथरिन स्विट्झर हिनें नांवाचीं आद्याक्षरें देऊन नोंदणी केली, तेव्हां तिला भर रस्त्यांत धरून बाहेर ओढण्याचा प्रयत्न एका अधिकाऱ्यानें केला. १९७२ सालीं तेथें स्त्रियांस रीतसर परवानगी मिळाली, आणि १९८४ सालीं ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची मॅरेथॉन आली. ती अमेरिकेच्या जोन बेनॉइट हिनें २ तास २४ मिनिटें ५२ सेकंदांत जिंकली. ज्यांस आठशें मीटर झेंपत नाहींत असें म्हटलें होतें, त्यांच्यांतील ही एक कोलेमाइनेनच्या वेळाहून साडेसात मिनिटें लवकर पोहोंचली.

दुसरी रांग सामान्य जनांची. २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या सहकार्यानें एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तींत १९८६ ते २०१८ ह्या काळांतील सत्तर हजारांहून अधिक शर्यतींचे १० कोटी ७९ लाख निकाल एकत्र केले होते. त्यांवरून असें निघालें कीं, १९८६ सालीं मॅरेथॉन पुरी करण्यास सरासरीनें ३ तास ५२ मिनिटें ३५ सेकंद लागत. २०१८ सालीं ४ तास ३२ मिनिटें ४९ सेकंद लागूं लागले. शिखर वर चढत असतां सरासरी चाळीस मिनिटांनीं खालीं आली!

हा आंकडा वाचून 'माणसें आळशी झालीं, अन्नांत सत्त्व उरलें नाहीं' असा उद्गार घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून निघणें साहजिक आहे. अंगमेहनत कमी झाली व वजनें वाढलीं, ह्याचा कांहीं भाग ह्या आंकड्यांत नसेल असें नाहीं. परंतु मुख्य कारण निराळें आहे, असें आम्हांस वाटतें. एखाद्या शाळेंत पूर्वीं दहा निवडक विद्यार्थी परीक्षेस बसत आणि आतां शंभर बसूं लागले, तर सरासरी गुण उतरणारच. त्यावरून त्या दहांची बुद्धि मंद झाली असा अर्थ निघत नाहीं. न्यूयॉर्कची मॅरेथॉन १९७० सालीं सुरू झाली, तेव्हां १२७ जण उभे राहिले व ५५ जणांनीं ती पुरी केली. २०२४ सालीं तीच पुरी करणारांची संख्या पंचावन्न हजारांवर गेली. पूर्वीं ज्यास जिंकण्याची आशा असे तोच उतरे. आतां ज्यास केवळ पुरी करावयाची आहे तोही उतरतो. त्याच पाहणींत सर्व अंतरांच्या शर्यती मिळून धांवणारांचें सरासरी वय ३५.२ वरून ३९.३ वर्षांवर गेलेलें दिसतें, आणि २०१८ सालीं स्त्रियांची संख्या पहिल्यानेंच पुरुषांहून किंचित् अधिक, शेंकडा ५०.२४ भरली. तेव्हां उतरलेली सरासरी हें आमच्या मतें ऱ्हासाचें चिन्ह नसून दार उघडल्याचें चिन्ह आहे. त्या चाळीस मिनिटांत चाळिशींतले गृहस्थ आहेत, दोन मुलांच्या आया आहेत, आणि निवृत्त झालेले शिक्षकही आहेत.

मात्र हें दार सदैव अधिकाधिकच उघडत जातें असेंही नाहीं. ह्याच पाहणीप्रमाणें २०१६ सालीं भाग घेणारे ९१ लाख होते, ते २०१८ सालीं ७९ लाखांवर आले. हौसेसही भरती-ओहोटी असते.

आंकड्यांतील माणूस

इतके निकाल हातीं आल्यावर विद्वानांनीं त्यांतून मनुष्यस्वभावही शोधून काढला. जवळजवळ एक कोटी धांवकांचे वेळ तपासणाऱ्या, २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, चार तासांच्या थोडें आधीं पोहोंचणारांची गर्दी होते आणि चार तासांनंतर लगेच ती ओसरते. शरीरास चार तास म्हणजे काय हें ठाऊक नसतें, मनाला असतें. वाटेंत दमलेला माणूस मनगटावरील घड्याळ पाहतो आणि 'तीन एकोणसाठ तरी झालें पाहिजे' ह्या हट्टानें शेवटचीं पावलें उचलतो.

दुसरा अभ्यास अमेरिकेंतील १४ शर्यतींचा, २०१४ च्या सुमाराचा. उत्तरार्धांत पुरुषांची गति सरासरीनें शेंकडा १५.६ नें मंदावते, तर स्त्रियांची ११.७ नेंच. पुरुष आरंभीं ऐटींत सुटतो आणि तीस किलोमीटरांनंतर त्याचें व्याज फेडतो. स्त्री आपली शिधासामग्री पुरवून पुरवून वापरते. महिनाअखेरचें घर जिनें चालविलें आहे तिला हा निष्कर्ष वाचून आश्चर्य वाटणार नाहीं.

वयाविषयींचा दाखला तर सर्वांहून विलक्षण आहे. कॅनडाचे एड व्हिटलॉक हे २००४ सालीं, वयाच्या ७३ व्या वर्षीं, टोरोंटोची मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटें ४८ सेकंदांत धांवले. वर ध्यानांत ठेवण्यास सांगितलेला हेझचा वेळ आठवावा: १९०८ सालच्या ऑलिंपिक विजेत्याहून हे आजोबा अर्ध्या मिनिटानें पुढें!

आपल्या बाजूची शिल्लक

जगाचा हिशेब पाहिला. आतां आपला पाहूं. १९७६ सालीं माँट्रिअल येथील ऑलिंपिकमध्यें बिहारचे शिवनाथसिंग २ तास १६ मिनिटें २२ सेकंदांत अकरावे आले, आणि १९७८ सालीं जालंधर येथें त्यांनीं २ तास १२ मिनिटांचा राष्ट्रीय उच्चांक केला. त्या वेळचा जागतिक उच्चांक २ तास ८ मिनिटें ३३ सेकंद होता. अंतर साडेतीन मिनिटांचेंही नव्हतें. पुढें चाळीस वर्षांहून अधिक काळ तो राष्ट्रीय उच्चांक अभंग राहिला. किपटमनें शिकागोची शर्यत जिंकली त्या दिवशीं तें अंतर अकरा मिनिटांवर गेलें होतें. ह्याच काळांत आपल्याकडे शर्यती मात्र वाढल्या: पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ सालीं सुरू झाली, मुंबईची २००४ सालीं. धांवणारे हजारों झाले. शिखर जागच्या जागीं राहिलें. दार उघडलें खरें, पण तें कोणासाठीं, असा प्रश्न येथें उभा राहतो.

त्याचें उत्तर डोंगराकडे पाहिल्यावर सुचतें. नाशिक जिल्ह्यांतील सावरपाडा ह्या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊत हिनें २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत दहा हजार मीटरांचें कांस्यपदक मिळविलें. मैदानी शर्यतींत वैयक्तिक राष्ट्रकुल पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. २०१६ सालीं रिओ येथें तिनें ऑलिंपिकची मॅरेथॉन २ तास ५९ मिनिटें २९ सेकंदांत पुरी केली. क्रमांक १२० वा. तुलना करून पाहावी: १८९६ च्या विजेत्या लुइसला जेवढा वेळ लागला, त्याहून केवळ ३९ सेकंद अधिक, आणि अंतर दोन किलोमीटरांहून जास्त! सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यांतील मोही गांवची ललिता बाबर हिनें मुंबई मॅरेथॉनमध्यें भारतीय स्त्रियांतील पहिला क्रमांक लागोपाठ तीन वर्षें राखला, आणि मग अडथळ्यांच्या शर्यतींत रिओची अंतिम फेरी गांठली.

घोडेगांव हें आंबेगांव तालुक्याचें ठाणें. आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरीही येथेंच आहे. पश्चिमेस डिंभे धरणापलीकडे भीमाशंकरपर्यंत आणि उत्तरेस जुन्नरच्या डोंगरपट्ट्यांत महादेव कोळी व ठाकर वस्त्या पसरल्या आहेत. हिरडा गोळा करण्यासाठीं रानें तुडविणारीं, चढ-उतार रोजचे मानणारीं मुलें ह्या भागांतील आश्रमशाळांत शिकतात. दोराबजींनीं पुण्यास जे अनवाणी धांवपटू पाहिले, ते अशाच घरांतून आले होते. पायांत बळ आहे, फुप्फुसांत दम आहे. नसतात ते बूट, प्रवासाचे पैसे, शर्यतीची फी आणि 'तूं धांव' असें म्हणणारें माणूस.

गरज काय करवून घेते ह्याचा एक दाखला बारामतीचा आहे. लता करे ह्या साठी ओलांडलेल्या बाईंनीं पतीच्या औषधोपचारासाठीं बक्षिसाची रक्कम मिळावी म्हणून तेथील मॅरेथॉनमधील ज्येष्ठांची तीन किलोमीटरांची शर्यत नऊवारी लुगड्यानें, अनवाणी धांवून जिंकली. त्यांच्यावर पुढें चित्रपट निघाला आणि त्यांत त्यांनीं स्वतःचीच भूमिका केली. अंतर तीन किलोमीटर असलें तरी त्या धांवेस मॅरेथॉन म्हणण्यास आमची हरकत नाहीं.

भीति आणि सावधगिरी

शर्यतींत कोणी कोसळून मरण पावल्याची बातमी आली कीं घरोघर चर्चा होते. भीति अस्थानीं नाहीं, पण तिचें माप पाहावें. अमेरिकेंत २००० ते २०१० ह्या काळांत मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धांवलेल्या १ कोटी ९ लाख लोकांचा अभ्यास झाला. त्यांत ५९ जणांचें हृदय बंद पडलें व ४२ दगावले. म्हणजे दोन लाखांमागें सुमारें एक; पूर्ण मॅरेथॉनमध्यें लाखामागें एक. धोका अल्प आहे, पण हृदयांतील लपलेला दोष घेऊन उतरणारास तो अल्प नसतो. तेव्हां चाळिशी उलटलेल्यानें, अथवा ज्याच्या घराण्यांत हृदयविकार आहे त्यानें, आधीं डॉक्टरांकडून तपासून घ्यावें, आणि छातींत दुखूं लागतांच लाज न बाळगतां थांबावें.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाणी कमी पडलें तर त्रास होतो हें सर्वांस ठाऊक आहे. अति झालें तरीही होतो, हें थोड्यांस ठाऊक असतें. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनच्या शेवटीं ४८८ धांवकांचें रक्त तपासलें, तेव्हां शेंकडा १३ जणांच्या रक्तांतील मिठाचें प्रमाण धोक्याइतकें उतरलेलें आढळलें. वाटेंत वजन वाढेल इतकें पाणी पिणें हें त्याचें मोठें कारण होतें. तहान लागेल तसें प्यावें. घरच्या माणसांनीं आग्रह करकरून पाजूं नये.

घरानें काय करावें

मॅरेथॉनची खरी तयारी शर्यतीच्या दिवशीं होत नाहीं. ती चारपांच महिने पहांटे होते. आणि पहांट ही एकत्र कुटुंबांत कोणा एकाची नसते. घरांतील कर्ता पुरुष रविवारीं तीन तास धांवून येतो, तेव्हां दूध कोणी घेतलें, मुलांना कोणी उठविलें, आजींचें औषध कोणी दिलें, ह्याची नोंद कोणत्याही पाहणींत होत नाहीं. त्याच्या गळ्यांतील पदकाचा अर्धा भाग स्वयंपाकघराचा असतो. म्हणून आमची पहिली सूचना अशी कीं, ज्या घरांत मुलाला धांवण्यासाठीं एक तास मिळतो, त्या घरांत सुनेलाही तो मिळाला पाहिजे. सासूबाईंनीं एक दिवस चहाचें आधण स्वतः ठेवावें, किंवा मुलानें ठेवावें. घर त्यानें मोडत नाहीं. स्त्रीला आठशें मीटर झेंपत नाहींत असें म्हणून तिला शर्यतीबाहेर ठेवणाऱ्यांस आपण हंसतों. पण 'तिला वेळ कोठें असतो?' हा आपला नेहमींचा उद्गार त्याच जातीचा आहे.

दुसरी सूचना अशी कीं, ज्या घरांतून दर वर्षीं मुंबईच्या वा पुण्याच्या शर्यतीची फी भरली जाते, त्या घरानें आणखी एक फी भरावी: जवळच्या आश्रमशाळेंतील एखाद्या मुलीची. शाळेच्या क्रीडाशिक्षकांस विचारलें कीं नांव लगेच पुढें येईल. बुटांचा एक जोड, दोन वेळचा पौष्टिक आहार आणि प्रवासाची सोय, एवढ्यानें उच्चांक मोडतील असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु १९२० सालीं बेळगांवच्या चौगुल्यांस अँटवर्पपर्यंत नेणारी सुरुवातही, कोणीतरी त्यांच्यासारख्यांच्या धांवण्याकडे लक्ष देऊन पाहिलें, एवढीच होती.